वाळवंटातला माळी



उपासनेच्या ‘ब’ वर्षात, सामान्यकाळाच्या अकराव्या रविवारी, वेदीवरून आपल्याला झाडांविषयीच ऐकायला मिळते. यहेज्केल संदेष्ट्याच्या वाचनात परमेश्वर गंधसरूच्या शेंड्याचा कोवळा कोंब खुडून स्वतःच्या हाताने उंच डोंगरावर लावतो. संत मार्कच्या शुभवर्तमानात शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला ठाऊक नसते. त्यानंतर मोहरीचा दाणा येतो. मोहरीच्या दाण्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. मधल्या स्तोत्राकडे, म्हणजे स्तोत्र ९२ कडे, मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. त्या स्तोत्रात नीतिमान माणसाला खजुरीच्या झाडाची उपमा दिली आहे, आणि हे झाड म्हातारपणीही फळ देते असे म्हटले आहे.

खजुरी म्हटले की आपल्याला झावळ्यांचा रविवार आठवतो. झावळी घरी नेतो, क्रुसामागे खोचतो, वर्षभर ती तिथे वाळत राहते. परंतु ते झाड बियापासून वाढवायला काय लागते, याचा विचार आपण करीत नाही. आज तो करू या. कारण आपल्या धर्मग्रामातल्या पुष्कळ घरांत एक दुःख आहे, आणि त्या दुःखाशी या झाडाचा जवळचा संबंध आहे असे आम्हाला वाटते.

घरभेटींच्या वेळी, चहा झाल्यावर, आम्ही निघायच्या बेतात असताना, आई किंवा वडील दाराशी येऊन हळू आवाजात विचारतात, “फादर, लहानपणी रोज संध्याकाळी रोझरीला बसायचा. वेदीसेवक होता. आता नाताळलासुद्धा चर्चला येत नाही. आमचे काय चुकले?” कुठे मुलगी परदेशी आहे आणि देवाचा विषय निघाला की फोन ठेवते. कुठे मुलगा याच घरात राहतो, पण रविवारी सकाळी त्याच्या खोलीचे दार बंद असते. या प्रश्नाला झटपट उत्तर देणे सोपे असते. ‘प्रार्थना करा, सगळे ठीक होईल’ असे म्हणून पुढच्या घरी जाता येते. पण असे बोलून कुणाचे समाधान झालेले आम्ही पाहिलेले नाही.

म्हणून आधी त्या झाडाची खरी गोष्ट ऐका.

मृत समुद्राच्या पश्चिमेला मसादा नावाचा उंच कडा आहे. हेरोद राजाने तिथे किल्ला बांधला होता. १९६३ ते १९६५ या काळात पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांनी तिथे उत्खनन केले. त्यात खजुराच्या काही बिया सापडल्या. त्यांची नोंद झाली आणि त्या बाजूला ठेवून दिल्या गेल्या. सुमारे ४० वर्षे त्या तशाच पडून होत्या. त्या बियांत जीव असेल असे कुणाच्या मनातही आले नाही. यहुदियाचा खजूर एके काळी रोमपर्यंत प्रसिद्ध होता. शास्त्रात यरीहोला खजुरींचे नगर म्हटले आहे. पण ती जुनी जात कित्येक शतकांपूर्वीच नाहीशी झाली होती.

पुढे जेरुसलेमच्या हदासा वैद्यकीय केंद्रातील डॉ. सारा सॅलन यांनी खटपट करून त्यांतल्या काही बिया मागून घेतल्या. २००५ च्या जानेवारीत त्यांतल्या तीन बिया डॉ. इलेन सोलोवे यांनी लावल्या. डॉ. सोलोवे या केतुरा नावाच्या वसाहतीत राहतात. हे ठिकाण देशाच्या दक्षिण टोकाकडे, अराबा नावाच्या वाळवंटात आहे. तिथे वर्षाकाठी साधारण ३० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे आषाढात एखाद्या दुपारी तेवढे पाणी पडून जाते आणि आपण छत्री झटकून घरात येतो. तिथे मात्र तेवढ्यावर वर्ष काढायचे असते, आणि बागेला लागणारे पाणी नळीने थेंब थेंब मोजून द्यावे लागते.

डॉ. सोलोवे यांना स्वतःलाही त्या बियांपासून काही उगवेल अशी फारशी आशा नव्हती. इतक्या वर्षांत बियाच्या आतले अन्न शिल्लक राहीलच कसे, असे त्यांना वाटत होते. तरीही त्यांनी काम अर्धवट केले नाही. बिया आधी गरम पाण्यात भिजवल्या, मग वाढीला चालना देणाऱ्या द्रावणात ठेवल्या, मग पोषक खताच्या पाण्यात ठेवल्या, आणि मगच मातीत लावल्या. काही आठवड्यांनी एका कुंडीतली माती फुटली. पहिली पाने फिकट होती. झाड टिकेल की नाही याची शंका होती. ते टिकले. बियाच्या कवचाचे तुकडे तपासले तेव्हा ते सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या प्रभूच्या काळातले निघाले. त्या झाडाला मथुशलह हे नाव दिले. उत्पत्तीच्या पुस्तकात ९६९ वर्षे जगलेला तो मथुशलह.

आम्ही या गोष्टीतल्या चमत्कारापाशी थांबत नाही. वर्तमानपत्रांनी तेवढेच छापले होते. आमचे लक्ष त्या बाईंच्या हातांकडे जाते. मनात आशा थोडी होती, पण हातांनी आपले काम पुरे केले. आपल्याला वाटते की आधी दृढ विश्वास यायला हवा आणि मग आपण मुलासाठी प्रार्थनेला बसू. आधी मन भरून यायला हवे, मग आपण त्याला फोन करू. पण शुभवर्तमानातला तो शेतकरीसुद्धा आशेने भारलेला होता असे प्रभू कुठे सांगत नाही. त्याने बी टाकले आणि तो झोपायला गेला, एवढेच सांगितले आहे.

आता पुढचे ऐका, कारण गोष्ट इथे संपत नाही. खजुरीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. मथुशलह नर निघाला. २०११ साली, म्हणजे लावल्यानंतर सहा वर्षांनी, त्याला पहिला फुलोरा आला, पण एकट्या नराला फळ कुठून येणार? म्हणून मृत समुद्राच्या आसपासच्या जुन्या स्थळांतून सापडलेल्या आणखी बिया निवडून लावण्यात आल्या. त्या ३२ होत्या. उगवल्या सहा. त्यांतल्या एका मादी झाडाला हन्ना हे नाव मिळाले. शमुवेलची आई हन्ना आपल्याला माहीत आहे. मूल नाही म्हणून ती शिलोच्या मंदिरात ओठ हलवत रडत होती आणि याजक एलीला वाटले की ही बाई दारू प्यायली आहे. २०२० साली, मथुशलहाच्या परागाने, या हन्नाला फळ धरले. पहिल्या हंगामात १११ खजूर मिळाले.

३२ लावल्या आणि सहा उगवल्या, हा आकडा आम्ही मुद्दाम सांगत आहोत. उरलेल्या २६ बियांनाही तेवढेच निगुतीने भिजवले होते. त्या उगवल्या नाहीत. म्हणून माळीण वाईट होती असे कुणी म्हणत नाही. ‘आमचे काय चुकले’ असे विचारणाऱ्या आईवडिलांनी हे मनाशी धरावे. एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली, एकाच धर्मशिक्षण वर्गात बसलेली दोन भावंडे. एक आज वाचक म्हणून वेदीपाशी उभे राहते, दुसरे चर्चच्या पायरीवरही येत नाही. यात तुमचा दोष शोधत बसणाऱ्या शेजाऱ्यांचे ऐकू नका.

अर्थात दाखला इथे एका ठिकाणी अडतो, आणि ते लपवणे बरोबर नाही. बी ‘नाही’ म्हणू शकत नाही. तुमचा मुलगा म्हणू शकतो. देवाने त्याला ते स्वातंत्र्य दिले आहे आणि देव ते परत घेत नाही. उधळ्या पुत्राच्या वडिलांनीसुद्धा त्याला अडवले नाही, वाटणी दिली आणि जाऊ दिले. तेव्हा आपण जे करायचे ते माळ्याचे काम आहे. ते काम नेमके काय, हे वाळवंटातल्या झाडांकडूनच शिकावे लागते.

निर्गमाच्या पुस्तकात कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा करायला सांगितले आहे. अराबात आणि सीनायच्या कोरड्या ओढ्यांत आजही बाभळीच्या कुळातली झाडे उभी आहेत. त्यांचे बी टणक असते. नुसते मातीत पुरले तर वर्षानुवर्षे तसेच राहते. तिथली हरणे शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बी लवकर रुजते. आपल्याकडे शेतकऱ्याला हे नवीन नाही. शेळ्यांच्या वाड्यात पडलेले बाभळीचे बी चांगले उगवते, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर टाकून ठेवतात, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. कवच मऊ होण्यासाठी बियाला काहीतरी सोसावे लागते. आपली मुले बाहेरच्या जगात जे सोसत आहेत, नोकरी जाणे, लग्न मोडणे, परक्या शहरातला एकटेपणा, ते सगळे देवापासून दूरच नेणारे आहे असे समजू नका. हे दुःख देवाने मुद्दाम धाडले असेही आम्ही म्हणत नाही. पण पुष्कळांचे कवच तिथेच मऊ झालेले आम्ही पाप-निवेदनाच्या वेळी ऐकले आहे. याहून अधिक आम्हाला सांगता येणार नाही.

रुजल्यावर हे रोप काय करते? वर जवळजवळ काहीच करीत नाही. जमिनीवर चार पाने दिसतात आणि महिनोन्महिने तेवढीच दिसतात. त्या काळात ते मूळ खाली सोडत असते, ओलाव्याच्या शोधात. म्हणून रोपवाटिकेत अशा झाडांसाठी लांब पिशव्या घेतात. आखूड पिशवीत सोटमूळ तळाशी जाऊन गुंडाळले जाते आणि पुढे झाड मोठे झाले तरी जमीन धरीत नाही. आणि ज्याला धीर नसतो तो काय करतो? बी रुजले की नाही ते पाहण्यासाठी माती उकरतो. लहान मुले असे करतात. आपणही करतो. “मिस्साला गेला होतास का?” हा फोनवरचा पहिला प्रश्न म्हणजे माती उकरणेच आहे.

पाणी देण्याचीही रीत आहे. कोरड्या बागेत रोज वरवर शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात रोप जळते. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने द्यावे, पण भरपूर द्यावे, खालपर्यंत मुरू द्यावे. मग मूळ पाण्याच्या मागे खाली जाते. आमच्या मते घरातल्या धर्मशिक्षणाचेही असेच आहे. रोजची टोचणी हे वरचे शिंपण झाले. त्याऐवजी वर्षातून एकदा का होईना, आईने मुलाजवळ बसून सांगावे की तुझे वडील दवाखान्यात होते त्या रात्री मी कशी प्रार्थना केली, तेव्हा काय मिळाले आणि काय मिळाले नाही. आपल्यापैकी किती जणांनी हे मुलांना सांगितले आहे? आपण त्यांना आज्ञा पाठ करून घेतल्या, आणि ते चांगलेच केले. पण स्वतःच्या जखमेविषयी आपण बोललो नाही.

जखमेवरून आणखी एक झाड आठवते. यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांची जखम पाहून गिलादच्या मलमाची आठवण काढतो. योसेफाला ज्या व्यापाऱ्यांना विकले, त्यांच्या उंटांवरही ते मलम लादलेले होते आणि ते मिसर देशाला चालले होते. हे मलम कोणत्या झाडापासून निघे, याविषयी अभ्यासकांत फार वाद आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यहुदियाच्या वाळवंटातील एका गुहेत दोन सेंटिमीटरांहूनही लहान असे एक बी सापडले. ते सुमारे १,००० वर्षांपूर्वीचे होते. २०१० साली डॉ. सोलोवे यांनी तेही लावले. हे झाड कोणते, हे लावताना कुणालाच माहीत नव्हते. जवळजवळ पाच आठवड्यांनी कोंब आला. झाडाला शबा असे नाव ठेवले, शबाच्या राणीवरून. पुढे जनुकांच्या तपासणीत ते गंधरस आणि गुग्गुळ यांच्या कुळातले निघाले. संशोधकांचे म्हणणे असे की कदाचित हेच ते शास्त्रातल्या मलमाचे झाड असेल. नक्की काही सांगता येत नाही, कारण ओळख पटवायला फूल लागते, आणि २०२४ साली या झाडाविषयीचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा, १४ वर्षांची वाढ आणि तीन मीटर उंची होऊनही, त्याला एकदासुद्धा फूल आलेले नव्हते.

त्याचा भाऊबंद गुग्गुळ आपल्या देशात राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या भागात वाढतो. चीक काढण्याजोगा व्हायला त्याला आठ ते दहा वर्षे लागतात. एवढा धीर नसलेली माणसे कोवळ्या झाडाला खोल चिरा देतात, चीक भरपूर मिळतो आणि झाड मरते. आज जगातल्या अति धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत गुग्गुळाचे नाव आहे. धर्मग्राम म्हणून आम्हालाही हे लागू आहे. तरुण एखाद्या रविवारी बऱ्याच महिन्यांनी चर्चमध्ये दिसला की लगेच त्याला समितीवर घ्यायचे, गायकवृंदात उभे करायचे, देणगीपुस्तक हातात द्यायचे. पुढच्या रविवारी तो येत नाही. त्याला मागच्या बाकावर निवांत बसू द्या.

आता एका माणसाविषयी. संत शार्ल दे फूको यांचा जन्म १८५८ साली फ्रान्समध्ये झाला. ते सहा वर्षांचे होण्याआधीच आई आणि वडील दोघेही गेले. आजोबांनी सांभाळले. पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि थोड्याच वर्षांत, शाळेत असतानाच, श्रद्धा सुटली. पुढे सैन्यात गेले, पैसा उडवला, बदनाम झाले. आजोबा १८७८ साली वारले. नातू देवाकडे परत आलेला त्यांना दिसला नाही. १८८६ च्या ऑक्टोबरात, वयाच्या २८व्या वर्षी, पॅरिसच्या संत ऑगस्टीन चर्चमध्ये शार्ल पाप-निवेदनाला गेले. आजोबांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

आमच्या धर्मग्रामातले आजी-आजोबा हे वाचत असतील तर त्यांनी इथे क्षणभर थांबावे.

पुढे हेच शार्ल नाझरेथमध्ये क्लेरिस्ट भगिनींच्या मठात माळीकाम आणि पडेल ते काम करीत राहिले. मग धर्मगुरू झाले आणि सहारा वाळवंटात जाऊन तुआरेग लोकांमध्ये राहिले. त्यांची भाषा शिकले, तिचा मोठा शब्दकोश तयार केला. आपल्याबरोबर बंधूंचा संघ असावा म्हणून नियमावली लिहिली, पण त्यांच्या हयातीत त्यांच्याजवळ कुणी टिकून राहिले नाही. बाप्तिस्मा घेणारेही फारच थोडे. १ डिसेंबर १९१६ रोजी तामानरासेत येथे त्यांची हत्या झाली. त्या दिवशी कुणी हिशेब मांडला असता तर शून्यच लिहिले असते. १९३३ साली पाच तरुण धर्मगुरू त्यांच्या मार्गाने वाळवंटात राहायला गेले आणि लहान बंधूंचा संघ सुरू झाला. १९३९ साली लहान भगिनींचा संघ झाला. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्याच समारंभात आपल्या भारतातले देवसहायम पिल्लै यांनाही संतपद मिळाले, म्हणून तो दिवस आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आहे.

संत पॉल करिंथकरांना लिहितात की मी लावले, अपोल्लोसने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली. आम्ही धर्मगुरूही बदलून जातो. पाच-सहा वर्षांनी आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात असू. आज धर्मशिक्षण वर्गात जी मुले मागच्या बाकावर चुळबुळ करीत बसली आहेत, त्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला कळणारही नाही. रविवारच्या वर्गाला यंदा किती मुले आली, असे शिक्षकांना पुन्हा पुन्हा विचारले जाते आणि आकडा कमी असला की त्यांचा चेहरा पडतो. त्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे की पाच मुले असतील तर पाच मुलांना नीट शिकवा. तयारी पन्नासांसाठी करता तेवढीच करा.

आणि ज्या घरात संध्याकाळच्या रोझरीला आता एकटी आजीच उरली आहे, तिथे ती रोझरी बंद करू नका. आवाज थोडा मोठा ठेवा, बंद दाराच्या आत ऐकू जाईल इतका. मुलाच्या वाढदिवसाला फोन करा आणि त्या दिवशी मिस्साचा विषय काढू नका, त्याने जेवण केले का ते विचारा. भांडून घर सोडून गेलेल्या मुलीची जागा नाताळच्या ताटांमध्ये धरा. ज्यांच्याशी बोलणेच तुटले आहे, त्यांच्यासाठी मिस्साचा हेतू मांडता येतो, तो कुणाला सांगावा लागत नाही.

त्या पवित्र भूमीत ऑक्टोबर २०२३ पासून जे रक्त सांडले, त्याचे मलम अजून कुणाला सापडलेले नाही. दोन्ही बाजूंच्या आईबापांसाठी आपण श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत शांतीची विनंती करीतच राहू.

येत्या रविवारी दोन्ही मिस्सांना अर्पणाच्या वेळी वेदीपाशी एक रिकामी टोपली ठेवलेली असेल. ज्यांच्या मनात कुणी दूर गेलेले मूल, नातवंड, भाऊ किंवा बहीण असेल, त्यांनी फक्त पहिले नाव एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून त्यात टाकावे. आडनाव नको. चिठ्ठ्या कुणी उघडणार नाही. त्या वर्षभर पवित्र पेटीच्या खाली राहतील आणि दर गुरुवारी पवित्र साक्रामेंताच्या आराधनेच्या वेळी त्या सर्वांसाठी प्रार्थना होईल. ज्यांना वेदीपर्यंत चालत येणे होत नाही, त्यांच्या चिठ्ठ्या वेदीसेवक बाकापाशी येऊन घेतील.